भगवानरावांची बुलेट

२० डिसेंबर १९९३, सोमवार

आज पुन्हा तेच. जिंतूरकडचा एक जण ट्रॅक्टरची पिन घेऊन आला आणि माझ्याच दारात उभा राहून मलाच विचारतो — "कादरभाईचं लेथ हेच का?" कादरभाईंना जाऊन नऊ वर्षं झाली. लेथ मी त्यांच्या हयातीतच विकत घेतलं. कागद माझा, लाइटबिल माझं, दारावर पाटी माझी — सूर्यभान इंजिनिअरिंग वर्क्स, दोनदा रंगवलेली. तरी देवगाव फाट्यावर उतरलेला माणूस कादरभाईचंच लेथ विचारणार! कादरभाई माझे गुरू, त्यांच्यावर राग नाही. राग या तोंडांवर आहे. एकदा चिकटलेलं नाव यांच्या तोंडातून निघतच नाही.

म्हटलं, "हेच. पण कादरभाई वारले." तर तो पिन उचलून परत निघाला. हाका मारून बसवावं लागलं. पिन करून दिली. जाताना म्हणतो कसा, "कादरभाईवाणीच काम हाय तुमचं."

लाइट चार तास नव्हती. त्यात हे.

२१ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मुंजाजी चहा घेऊन आला. हा शेजारचा गॅरेजवाला, आमच्याच गावचा. गॅरेज टाकण्याआधी वर्षभर माझ्याकडे होता. कानस धरायला मी शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी तात्यारावच्या हॉटेलातून दोन कप आणतो आणि लेथच्या बेडवर ठेवतो. लेथवर कप ठेवू नको म्हणून हजारदा सांगितलं. गोल डाग पडतात, डागाचा गंज होतो. ऐकत नाही.

चहाबरोबर आज फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट होता. बुलेटच्या गिअरबॉक्सचा. टोकाचे आटे पार खाल्लेले. नट गोल झालेला, एका अंगाला छन्नीचे घाव. छन्नी! इंजिनाचा सगळा जोर चेनमधून क्लचवर येतो, आणि तो अख्खा क्लच शाफ्टच्या टोकाला या एका नटावर उभा असतो. तो नट छन्नी-हातोडीने खोलतात? मापाचा पाना नसेल तर गाडी खोलू नये, झाडाखाली उभी करून पायी घरी जावं. वर परत बसवताना नट तिरपा चढवलेला. तिरपा नट जोर लावून फिरवला की नटाचेही आटे जातात आणि शाफ्टचेही. हे लहान लेकराला कळतं.

मुंजाजीला चांगलं झापलं. तो म्हणतो, "म्या न्हाई मारली छन्नी, उस्ताद. आदीच मारलेली व्हती." सगळे छन्नीवाले असंच म्हणतात.

मग विचारलं, गाडी कोणाची. "आपल्या भगवानरावांची बुलेट हाय की."

तो पुढेही काहीतरी बोलत होता. मी ऐकलं नाही. ठेव म्हटलं, जा म्हटलं.

२२ डिसेंबर

शाफ्ट फडक्यातच आहे. हात लावला नाही.

२३ डिसेंबर, गुरुवार

मुंजाजी — "उस्ताद, शाफ्टचं बघितलं का?" म्हटलं, वेळ नाही. वेळ आहे. विहिरीच्या पंपाचं एक बुश सोडलं तर दिवसभर काही केलं नाही.

हॉटेलात विद्यापीठाच्या नामांतराचा विषय. संक्रांतीच्या सुमाराला सरकार करणार म्हणतात. तात्याराव भजी तळता तळता म्हणाला, "नाव बदलून काय हुतं हो? विद्यापीठ तेच ऱ्हाणार." त्याला म्हटलं, काही होत नसेल तर पंधरा वर्षं अडवून कशाला धरलं? घरं कशाला जाळली? नेहमी असंच होतं. मी सगळ्यांना गप्प करून घरी येतो, आणि मग मलाच भाकरी गोड लागत नाही.

२४ डिसेंबर, शुक्रवार

लिहूनच टाकतो. पंधरा वर्षांत कुठं लिहिलं नाही.

अठ्ठ्याहत्तर, ऑगस्ट. मी सव्वीस वर्षांचा. मालन लग्न होऊन घरात आली त्याला तीन महिने झालेले. नामांतराचा ठराव झाला आणि शेजारच्या गावांतून वस्त्या जाळल्याची एकेक बातमी येत होती. त्या दिवशी दुपारपासून पारावर माणसं जमायला लागली. तसा बा उठला, धोतर झटकलं आणि भगवानरावांच्या दारात गेला. गावात भगवानरावांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. ते नुसते वस्तीच्या तोंडाला येऊन उभे राहिले असते तरी पुरे होतं. बाने बावीस वर्षं त्यांची गुरं राखलेली. बा म्हणाला, "मालक, तुमी नुसते येऊन उभे ऱ्हावा." भगवानराव म्हणाले, "थांब आश्रुबा. सदरा घालून आलोच."

बा थांबला. ओसरीच्या खाली, उन्हात. आणि घराच्या मागच्या अंगाला बुलेट सुरू झाली. तो आवाज गावात सगळ्यांच्या ओळखीचा, दुसरी बुलेटच नव्हती. आवाज परभणीच्या रस्त्याला लागला, लहान लहान होत गेला, संपला. बा तरी उभाच! त्याला वाटलं, पोलीस आणायला गेले असतील. धूर दिसला तेव्हा पळत आला.

घर गेलं. दोन शेळ्या गेल्या. माझं आय.टी.आय.चं सर्टिफिकेट गेलं. आम्ही हायब्रीड ज्वारीच्या रानातून वाट काढत सेलूला आलो. तिथं एका शाळेत आम्हाला ठेवलं. एक तरणा मास्तर घमेल्यात भाकरी घेऊन आला, दत्तराव नावाचा. बाच्या हातावर पहिली भाकरी त्याने ठेवली. बाने ती तशीच धरून ठेवली, खाल्ली नाही.

बा पुढं तीन वर्षं जगला. पारावर कोण कोण होतं ती नावं त्याने कधी काढली नाहीत. मला सगळी पाठ आहेत, पण मीही इथं लिहीत नाही. फक्त एक — रस्त्याने बुलेट गेली की बा बाजेवरून उठून आत जायचा.

आणि आता त्या बुलेटचा शाफ्ट माझ्या लेथशेजारी फडक्यात पडलाय. मी तो दुरुस्त करायचा! मालनला सांगितलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "करून द्या न्हाईतर परत द्या. पर घरात नका ठिवू."

२६ डिसेंबर, रविवार

शाफ्ट लेथच्या चकात धरला. टोक एक सूत बारीक करून गेलेले आटे काढून टाकले, नवे पाडले. दोन तासांचं काम, चार तास लावले. या शाफ्टवर खोटं काम करायचं म्हणून बसलो होतो. जमेना. हात आपोआप माप घेतो, टूल आपोआप थांबतं. आटे असे आलेत की कादरभाईंनी दोनदा बोट फिरवलं असतं.

मग नटाला बसलो. शाफ्ट बारीक झाला, म्हणजे बाजारचा नट चालणार नाही, मी करीन तोच चालणार.

माझ्याकडे दोन सळया आहेत. कडक सळईचा नट करून, भट्टीत लाल करून तेलात बुडवायचा, ही कादरभाईंची रीत. मी नरम सळई घेतली. नट केला, कडा मोडल्या, बुडवला नाही. नुसता तेलाच्या फडक्याने धुरावर काळा केला.

दिसायला तसाच. वजनाला तसाच. पाना लावून आवळला तरी कळणार नाही. महिना, दीड महिना धरेल. मग रोजच्या हिसक्यांनी आतले आटे ताणतील, आणि एक दिवस गाडी जोरात असताना नट निसटेल. क्लच कव्हरवर आदळेल, चेन आतल्या आत गोळा होईल, मागचं चाक जाम. लोक म्हणतील, गाडी जुनी होती.

बाच्या दारात या म्हटलं तर आला नाहीस ना. आता जा की कुठं जायचं तिकडं.

२७ डिसेंबर, सोमवार

मुंजाजीला शाफ्ट आणि नट दिला. एरवी मी सांगतो — दुसऱ्याने केलेला नट कानस लावल्याशिवाय चढवू नको. कानस घसरली तर कडक, रुतली तर नरम. आज सांगितलं नाही. त्याने नट खिशात टाकला आणि गेला. माझ्या हातचा माल तो कशाला तपासेल?

२९ डिसेंबर, बुधवार

सकाळी चहा ठेवता ठेवता मुंजाजी म्हणाला, "उस्ताद, नट कोन्त्या सळईचा केला?"

मी असा भडकलो की रस्त्यावरचे बघायला लागले. म्हटलं, मला शिकवायला लागलास का? कानस कुठल्या बाजूने धरायची ते कोणी सांगितलं तुला? तो आपला रिकामा कप उचलून निघाला. माझा कप रिकामा नव्हता, तोही घेऊन गेला.

३० डिसेंबर, गुरुवार

हद्द झाली! तात्याराव सांगत होता — काल दुपारी मुंजाजी परभणीच्या गाडीला चढला, पिशवीत लांबसं काही होतं, कुठल्याशा लेथवर काम आहे म्हणाला. माझ्या भिंतीला भिंत लावून याचं गॅरेज, आणि काम परभणीच्या लेथवर! वर्षभर शिकवलं त्याचं हे फळ. एक शब्द बोललो म्हणून लगेच दुसरं दार. जाऊ दे. सगळे सारखेच. गाव एकच ना शेवटी.

तरी आज सकाळी चहा घेऊन आला. मी तोंड फिरवून प्यालो.

३१ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी बुलेट सुरू झाली. भिंतीपलीकडे. पहिल्या दोन किका वाया गेल्या, तिसऱ्याला लागली. तोच आवाज. मी चकावर वाकलो होतो, मान वर केली नाही. नको ते तोंड बघायला. आवाज वालूरच्या बाजूला गेला, लहान होत होत संपला.

आत जाऊन तांब्याभर पाणी प्यालो. बासारखाच उठून आत गेलो, हे नंतर लक्षात आलं.

३ जानेवारी १९९४, सोमवार

काही नाही. काम बरं आहे.

५ जानेवारी, बुधवार

मंठ्याच्या रस्त्याला अपघात झाला म्हणून हॉटेलातून ओरड आली. लेथ चालू ठेवून पळालो. चालू ठेवून! पंचवीस वर्षांत असं केलं नाही. अर्धा मैल पळालो. ट्रकने लूना उडवली होती, पोराचा पाय मोडला होता. बुलेट नव्हती.

परत येताना धाप लागली. बुलेट असावी म्हणून पळालो की नसावी म्हणून, हे मला स्वतःलाच सांगता येईना. मालन दारात उभी होती. तिने लेथ बंद केलं होतं. काही विचारलं नाही. तिच्या न विचारण्याचाही राग आला.

८ जानेवारी, शनिवार

आज काय लिहू.

अकराच्या सुमाराला जिंतूरची गाडी थांबली. त्यातून काठी टेकत एक म्हातारा उतरला. पांढरं धोतर, एक हात लुळा, तोंड एका अंगाला वाकडं. कंडक्टरने धरून उतरवला. मी दारातून बघतोय. भगवानराव!

एस.टी.तून?

पाय आपोआप गेले. तात्यारावच्या बाकड्यावर बसले होते, पुढं जाऊन उभा राहिलो. पंधरा वर्षं मनात बोलत होतो, त्यातलं एक वाक्य तोंडात येईना. म्हटलं, "ओळखलं का?"

"कोन?"

"आश्रुबाचा पोरगा."

डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाले, "कोन आश्रुबा?"

बावीस वर्षं गुरं राखली. ओसरीखाली उन्हात उभा राहिला. कोन आश्रुबा! मला वाटलं होतं तो माणूस बाचं नाव ऐकून दचकेल, मान खाली घालेल, नाहीतर शिवी तरी देईल. त्याच्या डोक्यात बाची जागाच नाही. मी ज्याच्यावर दात धरून पंधरा वर्षं बसलो, त्याला आमचं घर जळाल्याचं आठवतसुद्धा नसेल. "सेलूची गाडी कवा हाय?" असं मलाच विचारलं.

मी विचारलं, "एस.टी.ने कसे? बुलेट कुठंय?"

"बुलेट? ती कवाच इकली. हात गेला तवाच."

मी धावत गॅरेजमध्ये. मुंजाजी चाकाखाली पडला होता, त्याला पायाला धरून ओढला. बुलेट कोणाची? तो म्हणतो, "दत्तराव गुरुजींची. वालूरला मास्तर हायत ते. तीन वर्सं झाली की घेऊन."

"मग भगवानरावांची बुलेट का म्हणालास!"

"समदे तसंच म्हनत्यात, उस्ताद. तुमचं लेथ न्हाई का, कादरभाईचं?" मग म्हणाला, "त्या दिशी गुरुजींचं सांगायलोच व्हतो म्या, तर तुमी जा म्हनलात."

दत्तराव गुरुजी. नामांतरासाठी तीनदा तुरुंगात जाऊन आलेला माणूस. बाच्या हातावर भाकरी ठेवणारा.

मुंजाजी हात पुसत पुढं सांगत होता — गुरुजी तेरा तारखेला बायकोला मागं बसवून औरंगाबादला निघणार आहेत, बुलेटवर. नामांतर झालं तर तिथं असावं, नाही झालं तर मेव्हण्याकडं सण करून यावं. दीडशे किलोमीटर!

एवढं सांगून तो माझ्याकडे बघत राहिला. मी काही सांगेन अशी वाट बघितल्यासारखा. काय सांगू? तुझ्या हातात मरण दिलं होतं, ते तू निमूट बसवलंस?

९ जानेवारी, रविवार

कडक सळई काढली. लाइट नाही. दहा ते पाच लाइट नाही! संध्याकाळी आली तर इतकी मंद की चक फिरेना. विजेच्या ऑफिसात गेलो, भांडलो. तिथला माणूस म्हणाला, रविवार हाय. जसं काही रविवारी माणसं मरत नाहीत.

१० जानेवारी, सोमवार

नट झाला. माप लिहून ठेवलं होतं, त्यामुळे शाफ्ट नसतानाही करता आला. लाल केला, तेलात बुडवला. कानस लावली, घसरली. शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलाय. छातीला टोचतो.

मालनला सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती पाट्यावर चटणी वाटत होती, वाटतच राहिली. मग म्हणाली, "भगवानराव असता गाडीवर, तर नीट झालं असतं का हे?"

त्याच्यावरचा राग कमी झालेला नाही, एवढं खरं लिहितो.

११ जानेवारी, मंगळवार

वालूरला जाऊन आलो. गुरुजींच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "परभणीला गेलेत दोघं, मीटिंगला. बुलेटवरच. परवा तिकडूनच पुढं जातील, न्हाईतर उद्या येतील एक खेप." बुलेटवरच!

चिठ्ठी लिहून दाराखालून सरकवली. तीन कागद फाडले. "तुमच्या गाडीच्या क्लचचा नट नरम राहिला आहे. चूक माझी. बदलल्याशिवाय लांब जाऊ नका. देवगाव फाट्यावर थांबा. — सूर्यभान टर्नर." चूक! चूक नव्हती ती. पण त्याहून खरा शब्द लिहायला हात धजावला नाही.

१२ जानेवारी

दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसलो. एक काम बिघडवलं. गिऱ्हाईकावरच ओरडलो.

१३ जानेवारी, गुरुवार

उजाडायच्या आत फाट्यावर जाऊन उभा राहिलो. साडेसहाला आवाज आला. आधी आवाज, मग दिवा. मी रस्त्याच्या मधोमध उभा, दोन्ही हात वर. गुरुजींनी गाडी थांबवली. मागं बाई, मांडीवर पिशवी, स्वेटरवरून पदर गुंडाळलेला.

"चिठ्ठी मिळाली, म्हणून तर थांबलो," गुरुजी म्हणाले. केस पिकलेत, आवाज तोच. मला ओळखलं नाही. मीही ओळख दिली नाही.

गॅरेजात झोपलेल्या मुंजाजीला उठवलं. म्हटलं, कव्हर खोल, नट बदलायचाय. त्याने माझ्याकडे बघितलं. घमेलं सरकवून तेल सोडलं, कव्हर काढलं. गुरुजी उकिडवे बसून कौतुकाने बघत होते. म्हणाले, "तो जुना नट मीच छन्नीने खोलला होता बरं का. बसवलाही मीच. भूगोल शिकवणारा माणूस मी, मला आट्यांचं काय कळतंय?" मुंजाजीला मी त्यावरून किती बोललो होतो! तो गालात हसला, खाली बघून.

मी खिशातला नट मुठीत घेऊन वाकलो.

आत बसलेला नट माझा नव्हता.

मी नटाच्या दोन्ही तोंडांच्या कडा मोडतो. हा एकाच अंगाने मोडलेला. आणि रंग काळानिळा, तेलात बुडवून येतो तसा. बोटाने चाचपला. शाफ्ट माझा, आटे माझे, नट दुसऱ्याच हातचा. घट्ट. पक्का.

"बराबर हाय न्हवं, उस्ताद?" मुंजाजीने विचारलं.

म्हटलं, बरोबर आहे.

"मग चिठ्ठी?" गुरुजी म्हणाले. म्हटलं, खात्री करायची होती. बाई म्हणाल्या, "एवढ्या थंडीत रस्त्यात उभे राहिलात आमच्यासाठी, चहा तरी घ्या आमच्याकडून." तो चहा मी कसा प्यालो ते मलाच माहीत.

बुलेट सुरू झाली. आज मान वर करून बघितलं, पार वळणाआड जाईपर्यंत. मागं वळलो तर गॅरेजला कुलूप. मुंजाजी सणाला गावाकडे निघून गेला होता.

१४ जानेवारी, शुक्रवार

झालं! रेडिओवर सांगितलं. नामविस्तार म्हणतात, दोन्ही नावं एकत्र. तेवढं तरी. वस्तीत पोरं नाचली, फटाके लावले. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी. तात्याराव मला म्हणाला, "झालं बाबा तुमचं." तुमचं! आजच्या दिवशीसुद्धा याने ते वाटून टाकलं.

मालन म्हणाली, "आज मामंजी पायजे व्हते."

१५ जानेवारी, शनिवार

मुंजाजी गावाहून आला. दोन कप लेथवर ठेवले, शेजारी कागदाची पुडी. पुडीत तिळगूळ आणि माझा नरम नट. नटाच्या एका कडेला कानशीची खूण, तिच्यावर गंज धरलेला. म्हणजे खूण आजची नव्हे. दिला त्याच दिवसाची, नाहीतर दुसऱ्या. त्यानंतरही रोज सकाळी चहा आणत होता.

"कानस लावल्याबिगर चढवायचा न्हाई, तुमीच शिकवलंत," तो म्हणाला. मग खाली बघत, "उस्ताद, त्या दिशी माझा बा बी पारावर व्हता. म्या तुमच्याकडं काम शिकाया आलो, तवा तुमाला ठावं व्हतं का?"

ठाऊक होतं, म्हटलं. पहिल्या दिवसापासून.

चहा निवला होता, तसाच प्यालो. कप लेथवरच राहू दिले.